ट्रामने हलवलेली वेधशाळा

"सर, वेधशाळा मुंबईची, मग ती आपल्या अलिबागला कशाला आणली?" अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवत होतो तेव्हा हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचाच. मी एका शब्दात उत्तर द्यायचो, "ट्राममुळे." पोरं हसायची. हसणारच. आमच्या गावात अजून प्रवासी रेल्वेचा पत्ता नाही, तिथे ट्रामचं काय घेऊन बसलात! पण उत्तर खरं आहे. ७ मे १९०७ रोजी मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावू लागली, आणि तिच्या धास्तीने कुलाब्याच्या वेधशाळेचा चुंबकीय विभाग आधीच बाडबिस्तरा आवरून अलिबागला आला होता.

त्यातली गंमत अशी, की अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. आमच्या समोरच्या समुद्रातला किल्लाही कुलाबाच. म्हणजे कुलाब्याची वेधशाळा कुलाब्यातच आली, मध्ये फक्त समुद्र ओलांडला. १९८१ मध्ये जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि निम्मा घोळ मिटला.

दुसरं एक वाक्य मात्र आम्हा अलिबागकरांच्या मानगुटीवरून उतरत नाही: "मी काय अलिबागहून आलोय?" त्यावर बंदी घाला म्हणून २०१९ मध्ये प्रकरण थेट उच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायालयाने दाद दिली नाही, ते उत्तमच झालं. असल्या टोमण्याला उत्तर देता आलं पाहिजे, आणि माझ्याकडे ते आहे. १८५९ सालच्या सूर्यावरच्या वादळाचं माप जगाला हवं होतं तेव्हा ते ज्या वह्यांत सापडलं, त्या वह्यांची साखळी आजही अलिबागेत चालू आहे. त्या वह्यांचीच ही हकिकत.

ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभारली ती जहाजांसाठी. भर समुद्रात आपण कुठल्या रेखांशावर आहोत हे कळायला जहाजावरचं घड्याळ बिनचूक लागतं, आणि ते लावून घ्यायला बंदरात कुणीतरी ताऱ्यांचे वेध घेऊन वेळ काढणारा लागतो. चुंबकाचा त्यात काही संबंध नव्हता. तो आला १८४१ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी सुरू केल्या तेव्हा. या वेधशाळेत आपली माणसंही होती. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे काही काळ तिचं काम होतं. ऑर्लेबारांनी हाताशी घेतलेला एक कोवळा पोरगा तर आमच्या तालुक्यातला, नागावचा. केरो लक्ष्मण छत्रे, जन्म १८२५. पुढे पुण्यात प्राध्यापक झाले आणि सगळे त्यांना केरूनाना म्हणू लागले. टिळकांना गणित शिकवणारे ते हेच. युरोपीय कोष्टकांच्या आधाराने त्यांनी १८६० मध्ये ग्रहगणिताची कोष्टकं मराठीत छापली आणि पंचांगातलं गणित आकाशाशी जुळत नाही हे उघडपणे मांडलं. 'आकाशात दिसतं ते खरं, पोथीत आहे ते तपासून घ्यायचं' ही खोड त्यांना कुलाब्यात लागली असावी, असं मला आपलं वाटतं.

ऑर्लेबारांना हे चुंबकाचं खूळ कुठून लागलं? त्याची मुळं लांबवर जातात. चुंबकसूची दिवसाच्या ठरावीक वेळी अगदी किंचित सरकते आणि पुन्हा मागे येते, हे लंडनचा घड्याळजी जॉर्ज ग्रॅहम याने १७२२ मध्ये टिपलं होतं. स्वीडनमध्ये उप्सालाला सेल्सियस (हो, तापमानाच्या अंशांचा तोच) आणि त्याचा मेव्हणा ह्योर्टर यांनी १७४१ मध्ये पाहिलं, की आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला की सूची बेताल होते. सेल्सियसने लंडनला ग्रॅहमशी संधान बांधलं होतं. तपासलं तर त्याच दिवशी तिथलीही सूची तशीच नाचलेली! इतक्या अंतरावरच्या दोन सुया एकाच वेळी हलतात म्हटल्यावर हा एकेका गावचा मामला नव्हे, अख्ख्या पृथ्वीचा आहे, हे उघड झालं. मग १८३०च्या दशकात गॉस याने गटिंगेनला जाळं विणायला घेतलं: ठिकठिकाणच्या निरीक्षकांनी एकाच घटकेला, गटिंगेनच्या वेळेनुसार, सूची वाचायची. इंग्रजांनी हीच कल्पना उचलून साम्राज्यभर पसरवली. टोरँटो, सेंट हेलेना, केप, होबार्ट, आणि कंपनीच्या मुलखात मद्रास, सिमला, सिंगापूर, मुंबई. बाकीची बरीच ठाणी काही वर्षांनी गुंडाळली गेली. मुंबईचं टिकलं. का टिकलं याची मोठी कारणं इतिहासकार देतील. नोंद घेणाऱ्यांनी दांडी मारली नाही, हे त्यातलं एक नक्की.

हे काम नेमकं कसं चालायचं ते जरा जवळून पाहू. लाकडी पेटीत एक चुंबकपट्टी टांगलेली. तिला चिकटवलेला छोटा आरसा. समोर काही हातांवर दुर्बीण आणि दुर्बिणीजवळ आकडे कोरलेली पट्टी. निरीक्षक दुर्बिणीला डोळा लावतो आणि आरशात पट्टीचा कुठला आकडा दुर्बिणीतल्या तारेवर आलाय ते वाचतो. चुंबक अंशाच्या साठाव्या भागाइतका वळला तरी आरशातला आकडा सरकलेला दिसतो. चुंबक कधीच पुरता स्थिर नसतो, मंद झुलत असतो. म्हणून झोक्याची दोन टोकं वाचायची आणि मधला आकडा लिहायचा. अशी तीन यंत्रं: एक दिशेसाठी, एक आडव्या ओढीसाठी, एक उभ्या ओढीसाठी. आडव्या ओढीच्या यंत्राची युक्ती मला फार आवडते. चुंबक दोन समांतर दोऱ्यांवर टांगून मुद्दाम पूर्व-पश्चिम वळवायचा. दोऱ्यांचा पीळ एकीकडे ओढतो, पृथ्वी दुसरीकडे. रस्सीखेच बरोबरीत. पृथ्वीची ओढ जरा सैल पडली की पीळ जिंकतो आणि चुंबक किंचित वळतो. बस्स, तेवढंच वाचायचं.

शिवाय गरमीने चुंबक मंदावतो, म्हणून दर वेळी थर्मामीटरही वाचायचं. खिशात किल्ली नको, चाकू नको, लोखंड म्हणून काही जवळ नको. आणि हे दर तासाला, रात्रीसुद्धा, जुलैच्या पावसातसुद्धा.

हे वर्गात दाखवण्यासाठी मी आईच्या जुन्या साडीच्या काठातला रेशमी धागा उसवून घेतला होता. त्याला चुंबकपट्टी टांगायची, पट्टीवर आरशाचा तुकडा मेणाने चिकटवायचा, आणि लेझर पॉइंटरचा ठिपका आरशावरून समोरच्या भिंतीवर पाडायचा. सगळ्यांनी गप्प बसायचं. दोन-तीन मिनिटांनी ठिपका स्थिरावला की एखाद्याला पत्र्याची कंपासपेटी घेऊन उठायला सांगायचं. ठिपका लगेच चालू लागायचा. खिडकीबाहेर शिपाईमामांनी स्कूटर स्टँडवरून उतरवली तरी सरकायचा. स्कूटरने एवढं होतं, तर रुळांमधून वाहणाऱ्या विजेने काय होईल हे मग समजवावं लागत नसे.

आता ज्या साली हे सगळं कामी आलं त्या सालाकडे यायचं, पण त्याआधी एका औषधविक्रेत्याला भेटलं पाहिजे. जर्मनीतल्या देसाऊचा हाइनरिख श्वाबे. कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली त्याच वर्षी, १८२६ मध्ये, हा गृहस्थ सूर्यावरचे डाग मोजायला बसला. डागांत त्याला मुळीच रस नव्हता. बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल तर तो सूर्यबिंबावरून सरकताना दिसेल, आणि डागांत तो हरवू नये म्हणून डागांची यादी ठेवायची, एवढाच हेतू. ग्रह काही सापडला नाही. पण सतरा वर्षांच्या याद्या चाळताना दिसलं, की डाग सुमारे दहा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि ओसरतात. त्याने ते छापलं, कुणी फारसं लक्ष दिलं नाही. मग हुंबोल्टने आपल्या 'कॉसमॉस' ग्रंथात श्वाबेचा तक्ता घेतला. त्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करत होत्या एलिझाबेथ सबाइन. त्यांचे पती एडवर्ड सबाइन म्हणजे साम्राज्यभरच्या त्या चुंबकीय ठाण्यांचे कर्ताकरविता, टोरँटो आणि होबार्टच्या नोंदी घेऊन बसलेले. चुंबकीय वादळांची संख्या दहाएक वर्षांत वर-खाली का होते हे त्यांना उलगडत नव्हतं. घरातच तक्ता आला. दोन्ही चढउतार शेजारी ठेवले तर जुळले. साल १८५२. औषधविक्रेत्याची फसलेली ग्रहशोध-मोहीम, एक गाजलेला ग्रंथ, घरात चाललेलं भाषांतर आणि कॅनडा-टास्मानियातल्या नोंदी, एवढ्यांची गाठ पडली तेव्हा सूर्य आणि चुंबकसूची यांचं नातं कळलं. यातला एक दुवा जरी निखळला असता तरी किती वर्षं खोळंबा झाला असता, देव जाणे.

सात वर्षांनी, १ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी, इंग्लंडात रेडहिल इथे रिचर्ड कॅरिंग्टन नेहमीप्रमाणे पडद्यावरच्या सूर्याच्या प्रतिमेतले डाग रेखाटत होता. सव्वाअकराच्या सुमारास डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर पांढऱ्याशुभ्र प्रकाशाचे दोन ठिपके लखलखले. कुणाला तरी दाखवावं म्हणून तो धावला आणि मिनिटाभरात परत आला, तोवर तेज ओसरू लागलं होतं. सगळा खेळ पाचेक मिनिटांचा. हायगेटला रिचर्ड हॉजसन यानेही तो पाहिला, म्हणून कॅरिंग्टनवर विश्वास ठेवला गेला. क्यू इथल्या वेधशाळेत त्याच क्षणी चुंबकरेषेला बारीकसा झटका बसल्याचं मागाहून आढळलं. आणि साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर जे सुरू झालं त्याने तारायंत्रं ठिणग्या टाकू लागली. बोस्टन आणि पोर्टलंडमधल्या तारबाबूंनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि नुसत्या आकाशातून उतरलेल्या विजेवर संदेश पाठवले. क्युबात आणि हवाईत लोकांनी आकाशात लाल प्रकाश पाहिला.

मुंबईत तेव्हा शुक्रवारची सकाळ होती, २ सप्टेंबर. वेधशाळा फर्ग्युसन नावाच्या नौदल अधिकाऱ्याच्या हाताखाली. आडव्या ओढीचा आकडा घसरू लागला. निरीक्षकांनी तासाची पद्धत सोडली आणि पंधरा-पंधरा, कधी पाच-पाच मिनिटांनी वाचायला सुरुवात केली. तसा शिरस्ताच होता: चुंबक बेचैन झाला की वाचनं वाढवायची. दुपारपर्यंत आडवी ओढ आजच्या मापाने सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेली आणि तितक्याच झपाट्याने बरीचशी वर आली. मुंबईतल्या एकूण आडव्या ओढीच्या चार टक्क्यांच्या आसपास ही घसरण होते. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात, पण रोजचा चढउतार दोन आकडी नॅनोटेस्लांचा असतो.

इथे एक मजा झाली. क्यू आणि ग्रिनिचला त्या वेळी अद्ययावत यंत्रं होती. आरशावरून आलेला प्रकाश फोटोच्या कागदावर आपोआप रेघ काढायचा, माणसाची गरजच नाही. वादळाच्या ऐन भरात तो प्रकाशठिपका कागदाच्या बाहेर गेला. रेघच नाही! कुलाब्यात असली यंत्रं यायला अजून दहा-बारा वर्षं होती. तिथे माणूस दुर्बिणीला डोळा लावून बसला होता, आणि आकडा कुठवर गेला ते त्याने वाचलं. जुनाट पद्धतीचा असा जय क्वचित होतो. आज त्या वाचनांचा जो आलेख दाखवतात, त्याखाली त्या माणसांची नावं नाहीत.

आकडे वर्षाच्या अहवालात छापले गेले, अहवाल कपाटात गेला. त्याचं महत्त्व त्या वेळी कुणाला कळणं शक्यच नव्हतं, कारण सूर्यावरून काही निघून पृथ्वीवर आदळतं हे मानायलाच विद्वान तयार नव्हते. खुद्द लॉर्ड केल्व्हिन यांनी १८९२ मध्ये रॉयल सोसायटीसमोर हिशेब मांडला: एका मध्यम चुंबकीय वादळाच्या आठ तासांत सूर्याला त्याच्या चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकं काम करावं लागेल, तेव्हा हा संबंध निव्वळ योगायोग. गणित चोख होतं, गृहीतक चुकलं होतं. सूर्य आपला प्रभाव चहूकडे सारखा पसरवतो असं त्यांनी धरलं. १९०४ मध्ये ग्रिनिचच्या मॉंडरने जुन्या नोंदींवरून दाखवलं, की वादळं बहुतेकदा २७ दिवसांनी परततात, म्हणजे सूर्याची एक फेरी पूर्ण झाली की. मग झोत अरुंद असला पाहिजे, ठरावीक जागेवरून निघणारा. एवढ्या थोर माणसाचा निकाल फिरवला तो नोंदवह्यांनी.

नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्याकडे कुलाबा आलं ते याच काळात, १८९६ मध्ये. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक. एडिंबरोला शिकलेले, एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले. जन्मसाल १८५९, हाही योगच. त्यांच्या कारकिर्दीत ट्रामचं संकट आलं. मुंबईत १८७४ पासून ट्राम होतीच, पण घोड्यांची. घोड्याचा नाल चुंबकाचं फार बिघडवत नाही. विजेच्या ट्रामची वीज वरच्या तारेने येते आणि रुळांतून परत जाते. रूळ जमिनीवरच पडलेले, त्यामुळे तिचा काही भाग मातीत झिरपतो आणि वाटेल तिथून वाट काढतो. ट्राम थांबली, निघाली, वळली, की कुलाब्याचा चुंबक हलणार. सूर्याचं काय आणि ट्रामचं काय, हे निवडायचं कसं? जगभर हाच तिढा पडला होता. क्यूचं चुंबकीय काम स्कॉटलंडात एस्कडेलम्यूरला हलवावं लागलं, पॉट्सडॅमचं सेडिनला, आणि पुढे रेल्वेच्या विजेमुळे ग्रिनिचचं अ‍ॅबिंजरला.

मूस यांनी अलिबाग निवडलं. मुंबईपासून सरळ रेषेत तीसेक किलोमीटर, म्हणजे हवा-पाणी आणि अक्षांश जवळजवळ तेच, पण विजेचा गोंगाट नाही. इमारत पोरबंदरी दगडाची, लाकूड सागवानी, कड्या-कोयंडे-खिळे पितळेचे आणि तांब्याचे. मुंबईतला काळा दगड इथे चालला नसता. बसाल्ट स्वतःच थोडाफार चुंबकी असतो.

पण मला मूस यांच्यापुढे हात जोडावेसे वाटतात ते इमारतीसाठी नाही. अलिबागचं काम १९०४ मध्ये सुरू झालं आणि कुलाब्याचं १९०६ मध्ये थांबलं. मधली दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या. दुप्पट खर्च, दुप्पट माणसं, आकडे तेच. कुठल्याही कारकुनाला हा शुद्ध अपव्यय वाटेल. पण प्रत्येक जागेची, प्रत्येक यंत्राची स्वतःची एक पातळी असते. जुनं बंद करून नवं सुरू केलं की आकडा एकदम वर उडी मारतो किंवा खाली पडतो, आणि ही उडी पृथ्वीची की जागेची हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दोन वर्षं दोन्ही चालवली तर फरक किती हे कळतं, तो वजा करता येतो, आणि मग १८४०च्या दशकातला कुलाब्याचा आकडा आणि आजचा अलिबागचा आकडा एकाच ओळीत बसतात. विज्ञान आधीच्या कामावर उभं राहतं असं आपण सहज बोलून जातो. उभं राहायला असा सांधा कुणीतरी घालावा लागतो, आणि तो घालताना त्याच्या हाती स्वतःचं असं काही लागत नाही.

हलवाहलव आटोपल्यावर मूस यांनी १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी पिंजून काढल्या आणि १९१० मध्ये दोन जाडजूड भागांत प्रसिद्ध केल्या. त्यात त्यांनी वादळं सुरू झाल्या क्षणापासून तास मोजत एकावर एक ठेवली आणि सरासरी वादळ कसं दिसतं ते काढलं: आधी छोटी उसळी, मग खोल घसरण, मग सावकाश सावरणं. सिडनी चॅपमन यांनी पुढच्या दशकात वादळांचा सिद्धांत उभारायला घेतला तेव्हा ही वाट मळलेली होती. त्यापुढे १९५८ मध्ये यूजीन पार्करचा सौर वारा, मग उपग्रह. हा भाग पुस्तकांत मुबलक मिळतो, म्हणून मी पुढे जातो.

२००३ साल. अमेरिकेतले ब्रूस त्सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ससिंग लखिना व शोभना अ‍ॅलेक्स या चौघांनी १८५९ च्या वादळावर एक शोधनिबंध लिहिला. ही संस्था म्हणजे कुलाबा-अलिबागचीच वारसदार. १९७१ मध्ये ती स्वायत्त झाली आणि आज नवीन पनवेलला आहे. निबंधात काय काय आणलंय पाहा. कॅरिंग्टनची वेळ. लाल प्रकाश कुठवर दिसला याच्या त्या काळच्या हकिकती, ज्या १९६० मध्ये किंबॉल नावाच्या संशोधकाने एकत्र लावून ठेवल्या होत्या. १९७५ मध्ये तिघा अमेरिकनांनी उपग्रहांच्या मोजणीवरून बसवलेलं सूत्र. आणि कुलाब्याच्या वहीतला आडव्या ओढीचा आलेख. यांतून त्यांनी वादळाची तीव्रता काढली: उणे १७६० नॅनोटेस्ला. तुलनेला सांगतो, मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांतातली वीज नऊ तास घालवली आणि साठ लाख लोक अंधारात बसले. त्याचा आकडा उणे ५८९.

हा आकडा लगेच सर्वमान्य झाला नाही, आणि व्हायलाही नको होता. या मापाची रीत तासाच्या सरासरीची आहे, मग क्षणभराची खोल घसरण तशीच कशी धरता, असं सिस्को आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये विचारलं. तासांची सरासरी घेऊन त्यांचा आकडा आला उणे ८५० च्या आसपास. ही घसरण विषुववृत्ताभोवतीच्या मोठ्या प्रवाहाची नसून ध्रुवीय प्रवाह खाली सरकल्याची आहे, असंही काहींचं म्हणणं. २०२२ मध्ये जपानच्या हिसाशी हायाकावा यांनी सहकाऱ्यांसह कुलाब्याच्या दिशेच्या आणि उभ्या ओढीच्या नोंदीही उकरून तिन्ही घटक एकत्र तपासले. मला विचाराल तर तासाच्या सरासरीवाल्यांची बाजू सरस आहे. आजच्या वादळांशी तुलना करायची तर माप एकच हवं. पण भांडताना दोन्ही पक्ष हात ठेवतात तो त्याच वहीवर.

वही चांगली असली म्हणजे तिच्यातून काढलेला निष्कर्ष चांगला असतोच असं नाही. कुलाब्याशीच नातं असलेल्या फ्रेडरिक चेंबर्स यांनी १८८० च्या सुमारास हवेचा दाब, सूर्यावरचे डाग आणि दुष्काळ यांची सांगड घातली होती. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ ताजा होता, त्यामुळे डाग मोजून दुष्काळ सांगता येईल ही आशा फार भुलवणारी होती. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पुढे वर्षानुवर्षांचे आकडे घेऊन १९१५ मध्ये डाग-पावसाचं नातं तपासलं, आणि मान्सूनचं भाकीत उभं करावं इतकं त्यात बळ नाही असं दिसलं. त्याच आकडेमोडीत पुढे त्यांना प्रशांत महासागराच्या दोन बाजूंचा दाब तराजूसारखा हलतो हे सापडलं, आणि १९६९ मध्ये ब्येर्कनेसने त्याची एल निनोशी गाठ घातली. आज टीव्हीवरची मुलगी जूनमध्ये एल निनो म्हणते तेव्हा त्यामागे हे सगळे असतात.

एका कामासाठी घेतलेल्या नोंदी दुसऱ्याच कामी येतात, हे समुद्राच्या बाबतीतही दिसतं. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटी मोजली जाते. कशासाठी? गलबतं आणि आगबोटी बंदरात कधी घ्यायच्या यासाठी. मुंबई बुडणार का, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले उन्नीकृष्णन आणि शंकर यांनी २००७ मध्ये उत्तर हिंदी महासागरातल्या अशा लांबलचक नोंदी तपासल्या तेव्हा गेल्या शतकात पाणी वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटरने चढल्याचं दिसलं. खलाशांसाठी लिहिलेल्या आकड्यांनी असं उत्तर दिलं.

अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. तिची मोजणी जगभरच्या भूचुंबकीय ठाण्यांच्या जाळ्यात जाते. दुर्बिणीला डोळा लावणारं आता कुणी नाही, संगणक लिहितो. गाव मात्र वाढत चाललंय. गाड्या, इमारतींचं लोखंड, वीज, सगळं तिच्या कुंपणापाशी आलंय. तिच्या आजूबाजूला काय बांधू द्यायचं याचा निर्णय करणाऱ्यांनी ट्रामची गोष्ट आधी वाचावी, एवढं मला नगरपालिकेच्या शेजारी राहणारा म्हणून सांगावंसं वाटतं.

आणि वाचकांना एक विनंती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला ७३. एका शहरात दोन ठिकाणी मोजणी होती म्हणून हे कळलं. तुमच्या तालुक्याच्या कचेरीत, बंदरावर, साखर कारखान्यात, धरणाच्या चौकीत, एखाद्या जुन्या शाळेत पावसाच्या, पाण्याच्या पातळीच्या, विहिरींच्या वह्या असतील. त्या रद्दीवाल्याच्या तागडीत जाण्याआधी निदान पानापानाचा फोटो काढा. कुठली जागा, कुठलं यंत्र, कोण मोजत होतं, हे विचारून पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोजणारा हयात असेल तर त्यालाच विचारा. आणि नवं यंत्र बसवायची वेळ आली, तर जुनं लगेच काढू नका. दोन वर्षं दोन्ही चालू द्या.